उंबऱ्याबाहेरचा कोट

प्रिय भरमू,

काल मी कुसुमला सगळं सांगितलं. तुझ्या बायकोला वर्षभरापूर्वीच सांगायला हवं होतं ते. मी गिळून बसले होते, आणि काल एका दमात तोंडातून बाहेर पडलं. आज सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं ती सदलग्याला, माहेरी निघून गेली. घरात आता मी एकटी. बोलायला दुसरं कोण आहे? म्हणून तुला लिहायला बसले.

पत्र पोचणार नाही हे मला कळतं रं! आपल्या जैनांत गेलेला जीव मागं घुटमळत नाही, लगेच दुसरा देह धरतो, हे मी बस्तीत, देवळातल्या प्रवचनांत शंभरदा ऐकलंय. म्हणजे आज तू कुठंतरी पाळण्यात असशील, मुठी चोखत असशील. तुला ना निपाणी आठवत असेल, ना कुसुम, ना मी. मग मी लिहिते कुणाला? विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही.

तू तीन वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच साली मी विधवा होऊन माहेरी परत आले. मी एकोणीस वर्षांची. आप्पा दिवसभर तंबाखूच्या वखारीत. तुला न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, पडलास की उचलायचं, सगळं माझ्याकडं आलं. तू मला आई म्हणायला लागलास तेव्हा मीच तुला पढवलं, "आक्का म्हण, आक्का." का पढवलं असेल मी? त्या एका शब्दाला भ्याले असेन.

त्याच साली स्तवनिधीला जाऊन मुनीमहाराजांपुढं मी नियम घेतले. दिवस बुडल्यावर अन्नपाणी नाही. चामड्याला हात लावायचा नाही, चामडं घरात येऊ द्यायचं नाही. लोकांना वाटायचं, केवढी कडक बाई! पण त्या नियमांना धरूनच मी उभी राहिले होते. माझं म्हणून दुसरं होतं काय माझ्याजवळ?

आणि मग तुझी ती फटफटी आली. वखारीच्या मालकांनी घेतली आणि किल्ली तुझ्या हातात दिली, कारण कानडी-मराठी दोन्ही येणारा आणि यंत्राला न भिणारा असा तूच. आठवड्यातून तीनदा तंबाखूचे नमुने न् कागद घेऊन बेळगाव. जाऊन-येऊन शंभर मैलांच्या आसपास. पहिल्या दिवशी तू गल्लीतून गेलास तेव्हा कोंबड्या छपरावर चढल्या होत्या. मी दारात उभी राहून हसत होते, आणि तू दिसेनासा होईपर्यंत आत गेले नाही.

पहिल्या थंडीत तू बेळगावहून परत आलास ते आठवतं? गाडी अंगणात उभी केलीस आणि तसाच बसून राहिलास. "उतर की," मी म्हटलं. "बोटं सुटंनात, आक्का," तू म्हणालास. एकेक बोट मी त्या दांड्यावरून सोडवलं. ओठ निळे, कानाच्या पाळ्या लाकडासारख्या. अंगावर एक सदरा आणि गेलेल्या आप्पांचा जुना जाड कोट. मी कोमट पाण्यात तुझे हात धरून बसले आणि रडले. तू हसत होतास!

पुढच्या खेपेला तू कुठून कुठून विचारून आलास. बेळगावच्या कॅम्पात फटफटीवरचे शिपाई होते ना, त्यांच्याकडून शिकलास. मला समोर बसवून समजावलंस.

"आक्का, एकच जाड कापड घालून भागत न्हाय. पातळ पातळ एकावर एक घालायचं. आणि सैल पायजे. मधी जो वारा अडकतो, त्योच ऊब राखतो."

"वारा ऊब राखतो? वाऱ्यानंच तर तुजी बोटं गोठली."

"भाईरचा वारा चोर, आतला वारा राखणदार."

मी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून निघताना तुला एकावर एक कपडे चढवायची माझी रीतच होऊन गेली. आधी अंगालगत बंडी. तीवर फलालीनीचा सदरा. मग छातीवर घडी केलेला बेळगावचा पेपर. त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर कोट. कानटोपी, तीवर मफलर. हाताला मोजे, पायाला पट्ट्या. पावसाळा असला की सगळ्यावरून मेणकापडाचा झगा. लोकरीला माझी ना नव्हती, मेंढी जिती राहते. एकदा इतकं घातलं की तुला पाय वर उचलून गाडीवर टाकता येईना. "आक्का, माझा पार कांदा केलास गं!" असं तू ओरडलास, आणि मी तोंडावर हात ठेवला, "त्याचं नाव घरात काढू नगंस!" कुसुम हसून हसून भिंतीला टेकली होती. पेपराची शाई तुझ्या बंडीवर उलटी उमटायची. मी नदीवर बसून साबणानं बातम्या धुवायची.

किती सुखात होते मी तेव्हा! आणि कळलंही नाही.

तरी तुझी एक कुरकुर होतीच. "आतलं सगळं बरोबर हाय. पण सगळ्यात वरचं जे हाय, त्यातनं वारा शिरतोय. वरचं कापड वारा अडवणारं नसलं, तर आतलं सगळं फुकट." कोट सुती होता, वारा आरपार जायचा. मेणकापड थंडीत कडक होऊन चिरा पडायच्या. मी ऐकून घ्यायची. उपाय मला सुचत नव्हता.

उपाय तू घेऊन आलास, मागल्या वर्षी. कुसुमच्या वडिलांचा पाय मोडला म्हणून ती दोन महिने सदलग्याला गेली होती. घरात आपण दोघंच. दुपारचं ऊन अंगणात होतं. तू गाडी लावलीस आणि मागचं गाठोडं सोडलंस. तुझा चेहरा असा फुलला होता! लहानपणी जत्रेतून यायचास तसा.

"आक्का, कॅम्पातला एक साहेब विलायतेला चाललाय. त्याच्या गाडीचं काम करून दिलतं मी. जाताना ह्यो दिला बघ."

तू उंबऱ्याकडं पाऊल टाकलंस आणि मला वास आला. चामड्याचा.

"तिथंच थांब," मी म्हटलं.

"आक्का, ऐक तरी. ह्यातनं वारा जात न्हाय. थोडा पाऊसबी जात न्हाय. आता एवढंच र्‍हायलतं बघ."

"आत आणू नगंस."

"जुना हाय गं. म्या कुठं कुनाला मारलंय?"

"तू न्हाय मारलंस. पण कुनाचं तरी कातडं अंगावर घेऊन फिरणार तूच."

मग तू गाडीकडं बोट केलंस. "गाडीची गादी चामड्याचीच हाय की. तिच्यावर बसून मी पगार आणतो, त्याच पगाराच्या तांदळाचा भात तू शिजवतीस. ते चालतं व्हय?"

मी काय म्हटलं ते आठवतं? "गाडी अंगणात असती." केवढं पोकळ उत्तर! मलाही ते ऐकू आलं, तुलाही. आणि आपण हरतोय असं वाटल्याबरोबर मी माझं शेवटचं हत्यार काढलं.

"तो कोट उंबऱ्याच्या आत आला, तर मी अन्नाला शिवणार न्हाय."

तू माझ्याकडं बघत राहिलास. रागानं नाही, हे जास्त वाईट. "बेडा आक्का, बेडा," म्हणालास. नको म्हणायचं झालं की तू कानडीवर यायचास. कोट गुंडाळून परत गाडीला बांधलास. पुढच्या खेपेला बेळगावात कुणाला तरी देऊन टाकलास. कुणाला ते मी विचारलंच नाही.

मला वाटलं, जिंकले! पण मन खायला लागलं. म्हणून मी स्वतः कोट शिवायला घेतला. दुहेरी मांजरपाट, मध्ये पिंजून आणलेला कापूस, गोधडीसारखे टाके, पुढं बांधायला बंद. आठ दिवस खपले. तू घातलास आणि म्हणालास, "भट्टी हाय गं, भट्टी!" कोरड्या थंडीत तो खरंच ऊबदार होता ना? खोटं तर नव्हतास बोलत? मला खुशीत ठेवायला तू काहीही बोलला असतास.

शेवटच्या खेपेच्या सकाळी तू त्या कोटावर मेणकापडाचा झगा चढवून बघितलास. कोट एवढा फुगीर की झग्याची बटणं लागेनात. "ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "मार्गशीर्षात कुठला पाऊस?" हे मी म्हटलं, भरमू. मीच. झगा खुंटीला लावला तोही मीच.

दुपारनंतर पूर्वेकडून आभाळ चढलं. गल्लीत बायका वाळवणं उचलायला धावल्या. मी अंगणात उभी, रस्त्याकडं डोळे. पहिल्यांदा वाटलं, तिकडं नसेल पाऊस. मग वाटलं, तो थांबेल कुठंतरी. मग नुसताच णमोकार मंत्र म्हणत राहिले. अशा वेळी बाईमाणसानं करायचं तरी काय? पन्नास मैलांचा रस्ता, आणि माझ्या हातात जपमाळ!

तू आलास तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. गाडीचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. तुला उतरता येईना. शेजारच्या दोघांनी उतरवलं. तो कोट! माझ्या हातानं शिवलेला कोट पाण्यानं भरून गादीएवढा जड झाला होता. कापसानं सगळा पाऊस पिऊन तुझ्या छातीला लावून ठेवला होता. बंदांच्या गाठी भिजून घट्ट बसलेल्या, माझ्या बोटांनी सुटेनात. शेवटी कात्रीनं कापले. आत स्वेटर भिजला, सदरा भिजला, अंगालगतची बंडी तर कातडीला चिकटलेली. ऊब राखणारा तुझा तो आतला वारा कुठंच उरला नव्हता. सगळीकडं पाणी.

"थांबला का न्हाईस रं कुठं?" मी ओरडले.

दात वाजत होते तुझे. तू म्हणालास, "दिवस बुडायच्या आत पोचायचं हुतं. तू उपाशी ऱ्हायली असतीस."

भरमू, एवढं कशाला बोललास?

खरंच, तू उशिरा आलास की मी जेवायची नाही. तुझ्याआधी जेवायचं नाही आणि दिवस बुडल्यावर खायचं नाही, म्हणजे तो दिवस उपासाचाच. आणि दुसऱ्या दिवशी तुला ते कळेल अशा बेतानं मी हळूच सांगायची. त्यात मला सुख वाटायचं. माझा भाऊ माझ्यासाठी धावत येतो, याचं सुख! संकेश्वरचा हॉटेलवाला नंतर भेटायला आला होता. म्हणाला, "आक्का, मी हाताला धरलं वो त्यांच्या. म्हटलं शेगडीपाशी बसा, कपडे वाळवा, सकाळी जावा. त्यांचं आपलं एकच, घरात आक्का वाट बघत असंल." हत्तरगीपासून भिजत आला होतास तू. पुढं घाटातला वारा. शेगडी सोडून गेलास!

तिसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरलाच नाही. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, छातीच्या दोन्ही बाजू धरल्यात. जवसाचं पोटीस करकरून मी तुझ्या छातीवर ठेवत होते. गरम ठेवायचं, गार झालं की काढायचं, परत गरम. जणू आता मी तुला थरावर थर घालून वाचवणार होते! डॉक्टरांना विचारलं, "आणि काय करू?" ते म्हणाले, "करताय तेच करा." तेव्हाच मला कळलं की करण्यासारखं काही उरलेलं नाही.

कुसुम सदलग्याहून आली. तिनं अंगणात वाळत घातलेला तो कोट बघितला. अजून ओलाच होता. तुझ्या उशाशी बसून तिनं विचारलं, "असलं कापसाचं कशाला घालून गेलासा? दुसरं काय न्हवतं?"

मी दारातच होते. हातात पोटिसाचं भांडं. वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात तू डोळे उघडलेस, माझ्याकडं एकदा बघितलंस आणि तिला म्हणालास, "मलाच हौस हुती. आक्का नको म्हणत हुती."

आयुष्यात तू खोटं बोललेलं मला दुसरं आठवत नाही. का बोललास? मला वाचवायला? अरे, त्यानं मी वाचले नाही, मी गाडले गेले! तुझ्या जाण्याच्या दिवशी मला सगळ्या बायका म्हणाल्या, बिचारी आक्का, नको म्हणत होती, ऐकलं नाही त्यानं. मी मान खाली घातली. ती मान वर्षभर खालीच राहिली. कुसुम माझ्यापाशीच राहिली, माझी सेवा करत. आणि कुणी विषय काढला की म्हणायची, "त्यांनाच आपल्या जिवाची फिकीर न्हवती." मेलेल्या माणसावर ती रागावत होती, आणि तो राग माझ्या वाट्याचा होता. मी तो तुझ्या अंगावर पडू दिला.

काल ती तुझे कपडे आवरायला बसली. कुणा गरजवंताला द्यावेत म्हणाली. फलालीनीचा सदरा, स्वेटर, कानटोपी, मोजे. एकावर एक घड्या घालत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "एवढं सगळं हुतं, आक्का. एवढं जपून घालायचे. आणि त्या दिवशीच कसं वो असं केलं त्यांनी? माझा इचारच न्हाई आला त्यांना?"

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तू गेल्यावर ती रडली नव्हती रे. नुसती रागावली होती.

मी सांगितलं. सगळं. उंबऱ्यापाशी काय झालं ते. गाडीच्या गादीबद्दल तू काय म्हणालास, मी काय म्हटलं. मेणकापडाचा झगा. उपास. संकेश्वरचं तिला ठाऊक होतं, पण तू का थांबला नाहीस ते तिला आता कळलं. बोलताना माझा आवाज कापला नाही. याची मला नंतर लाज वाटली.

तिनं हातातला मोजा घडीवर ठेवला. मग तिनं काय विचारलं असेल? "कसा हुता तो कोट?"

मला वाटलं होतं मी नीट बघितलाही नव्हता. पण सांगायला लागले आणि सगळा दिसला. तपकिरी, कॉलरपाशी घासून पांढुरका झालेला, पुढं एक बटण वेगळं. तुझ्या हातावर आडवा पडलेला.

"त्यांच्या अंगावर बसला असता?" तिनं विचारलं.

"बसला असता," मी म्हटलं. "खांद्याला जरा सैल. आत स्वेटर मावला असता."

तेव्हा ती रडली. घड्या घातलेले कपडे मांडीवर घेऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण ठेववला नाही. सकाळी तिनं पेटी भरली. माझ्या पाया पडली नाही, शिवीही दिली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना दारात वळून एवढंच म्हणाली, "जेवत जावा येळंवर. माझ्यासाठी थांबू नगासा."

ते मायेनं म्हणाली की तोडून टाकायला? दिवसभर मी ते वाक्य उलटंपालटं करून बघतेय. कळत नाही.

आणखी एक सांगते, तुझ्यापाशी खोटं नको. तू आज परत तो कोट घेऊन अंगणात उभा राहिलास, तर मी आत घेईन का? घेईन म्हणायला जीव तुटतो. पण छातीवर हात ठेवला की उत्तर येत नाही. माझा नियम खोटा होता असं मला अजून म्हणता येत नाही. जीव मारू नये हे खरंच आहे. आणि तू गेलास हेही खरंच आहे. ही दोन्ही खरी घेऊन मी कुठं जाऊ? काल हेच सांगायला बस्तीत गेले, देवापुढं उभी राहिले, आणि तोंड न उघडता परत आले.

मात्र एक गोष्ट नियमातली नव्हती. उपासाची धमकी. ती कुठल्या महाराजांनी मला दिली नव्हती, ती माझी मीच केली होती. माझी भूक मी तुझ्या गळ्यात बांधली आणि तिला माया म्हटलं.

म्हणून तुला वचन देते, भरमू. सदलग्याला जाऊन कुसुमच्या दारात बसणार नाही. ती परत येईपर्यंत अन्न सोडलंय, असा निरोप कुणाच्या हाती धाडणार नाही. तिला यावंसं वाटलं तर ती येईल, नाही वाटलं तर नाही येणार, आणि ते मी सोसेन. आता चूल पेटवते. ऊन अजून अंगणात आहे. एकटीनं जेवते.

तुझी,
चंपाक्का